अंतर्गत मूल्यमापन : तत्त्व, व्यवहार आणि विश्वासार्हता – एक चिकित्सा

सारांश

बाह्य परीक्षेच्या दोषांवरील उपाय म्हणून अंतर्गत मूल्यमापन आपल्या शिक्षणव्यवस्थेत आले. प्रत्यक्षात मात्र ते गुण वाढवून देण्याची सोय होऊन राहिले, असा आक्षेप सर्रास घेतला जातो आणि त्याचे खापर शिक्षकांच्या शिथिलतेवर फोडले जाते. प्रस्तुत लेखात प्राथमिक स्तरावरील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, २०१८ ते २०२१ या काळातील माध्यमिक शालान्त परीक्षेचे निकाल आणि महाविद्यालयांतील अंतर्गत गुण या तीन उदाहरणांच्या आधारे या आक्षेपाची तपासणी केली आहे. अध्ययनाला साहाय्य करणे आणि संपादणूक प्रमाणित करणे ही दोन भिन्न कार्ये एकाच गुणावर सोपवली गेली, हे या अपयशाचे मूळ आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अंतर्गत मूल्यमापन, आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन, सप्रमाणता, विश्वसनीयता, वर्णनात्मक नोंद.

१. प्रस्तावना

सत्र संपताना महाविद्यालयात गुणांचे तक्ते तयार होतात, तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. लेखी परीक्षेच्या स्तंभातील आकडे दूरवर विखुरलेले असतात. त्यात अनुत्तीर्ण असतात, काठावरचे असतात आणि मोजके उत्तम गुण मिळवणारेही असतात. शेजारचा अंतर्गत गुणांचा स्तंभ मात्र शांत असतो. वीसपैकी सोळा, सतरा, अठरा, पुन्हा सतरा. ज्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत दोन परिच्छेदही सुसंगत लिहिता आले नाहीत, त्यालाही सतरा आणि वर्गात सर्वांत नेमका प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीलाही अठरा.

या शांत स्तंभाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगे आहे, असेही आता वाटत नाही. ‘मुलांचे नुकसान नको’ हे त्याचे प्रचलित समर्थन होय. परंतु नुकसान नेमके कशाने होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला आपण कुठे उभे आहोत, हे सांगणारे महाविद्यालयाबाहेर दुसरे कोणी नसते. सत्रभर सतरा गुण मिळवून तो निर्धास्त राहतो आणि विद्यापीठाची लेखी परीक्षा त्याला एकदमच नापास ठरवते. त्याची चूक त्याला वेळेवर सांगण्याची संधी ज्यांच्याकडे होती, त्यांनी त्याला गुण दिले; माहिती दिली नाही.

मूल्यमापनाची तत्त्वे बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत क्रमांक घालून दिलेली असतात. सप्रमाणता, विश्वसनीयता, वस्तुनिष्ठता, व्यवहार्यता ही नावे शिक्षकांना पाठ असतात. तत्त्वे ठाऊक असूनही व्यवहार असा का होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मूल्यमापनाची दोन कार्ये

मापन आणि मूल्यमापन यांतील भेद सर्वपरिचित आहे. शंभरपैकी बेचाळीस हे मापन. त्या बेचाळीसचा अर्थ लावून पुढे काय करावे याचा निर्णय घेणे हे मूल्यमापन. या निर्णयाचेही दोन प्रकार संभवतात. विद्यार्थ्याला वरच्या वर्गात घ्यावे की नाही, पदवी द्यावी की नाही, हा एक. उद्याच्या तासाला काय शिकवावे, हा दुसरा. मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनाच्या संदर्भात केलेला भेद पुढे विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनालाही लागू झाला आणि मराठीत आपण त्यांना संकलित आणि आकारिक मूल्यमापन असे म्हणू लागलो.

हा भेद वेळापत्रकाचा नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. सत्राच्या मध्यावर घेतली म्हणून चाचणी आकारिक होत नाही. तिच्यातून मिळालेल्या माहितीने अध्यापनात काही बदल झाला तरच ती आकारिक होय. एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तिसरी-चौथीतील एक मूल ५०३ वजा २६७ याचे उत्तर ३६४ असे लिहिते. उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर २३६. परीक्षक शून्य गुण देईल आणि ते योग्यच आहे. परंतु ३६४ हा आकडा सहज आलेला नाही. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा, असा एक नियम या मुलाने स्वतःशी ठरवला आहे आणि तो त्याने काटेकोरपणे पाळला आहे. शून्य गुण त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘गणितात अधिक सराव आवश्यक’ हा शेरा तर त्याहून घातक आहे, कारण सराव केला तर मुलाचा चुकीचा नियमच पक्का होईल. त्याला सरावाची गरज नाही. हातचा का आणि कसा घ्यायचा हे दशकाच्या मोळ्या सोडवून दाखवण्याची गरज आहे.

चुकीमागील नियम ओळखणे आणि त्यानुसार पुढची कृती ठरवणे हा आकारिक मूल्यमापनाचा गाभा आहे. त्यासाठी मुलाने आपली चूक मोकळेपणाने उघड करायला हवी. प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या परीक्षेत मात्र चूक लपवण्यातच विद्यार्थ्याचे हित असते. दोन कार्यांतील हा विरोध मूलभूत आहे. पुढील सर्व विवेचन याच विरोधाभोवती फिरते.

३. अंतर्गत मूल्यमापनाची मागणी

परीक्षेचे वर्चस्व हा आपल्या उच्च शिक्षणाचा जन्मजात दोष आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीनही विद्यापीठे तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून उभी राहिली. शिकवणे महाविद्यालयांनी, परीक्षा घेणे विद्यापीठाने, अशी विभागणी आरंभीच झाली. अध्यापन परीक्षेच्या अंकित झाले आहे, ही तक्रार १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने स्पष्ट शब्दांत नोंदवली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८–४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षांची असावी, असे मत दिले. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या कमी करून शालेय नोंदींना अंतिम निर्णयात स्थान देण्याची शिफारस केली. कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात हीच दिशा दाखवली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन ही संज्ञा आली.

बाह्य परीक्षेविरुद्धचा आक्षेप केवळ भावनिक नव्हता. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी १९१२–१३ च्या सुमारास एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीच्या एका उत्तरपत्रिकेला शंभरहून अधिक शिक्षकांनी दिलेले गुण २८ पासून ९२ पर्यंत पसरले होते. भूमितीची ही कथा, तर निबंधाचे काय, असा प्रश्न तेव्हापासून परीक्षाशास्त्राचा पाठलाग करत आहे.

अशा रीतीने शंभर वर्षांच्या टीकेतून अंतर्गत मूल्यमापनाची मागणी परिपक्व झाली. जो शिक्षक विद्यार्थ्याला वर्षभर पाहतो, त्याचे मत तीन तासांच्या परीक्षेहून अधिक प्रमाण असले पाहिजे, हा तिचा युक्तिवाद निर्विवाद वाटतो. मात्र या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले होते. शिक्षकाचे मत निकालात समाविष्ट केल्यानंतरही ते पूर्वीसारखेच मत राहील, असे त्यात मानले गेले होते. ते गृहीतक किती टिकले, हे आता पाहू.

४. नोंदवहीचे वास्तव

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक तेथे पूरक अध्यापन करणे हे या कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. ज्ञानाचे आकलन आणि उपयोजन यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन ही त्याचीच दुसरी बाजू. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाद्वारे पहिली ते आठवीसाठी ही पद्धती लागू केली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनतंत्रे निश्चित झाली. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार देण्यात आला. इयत्ता वाढेल तसे हे प्रमाण बदलत सातवी-आठवीत ४० आणि ६० असे झाले. गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदींची जोड देण्यात आली.

कल्पना म्हणून ही रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करावे लागेल. सहा-सात वर्षांच्या मुलाचे निरीक्षण लेखी परीक्षेपेक्षा अधिक बोलके असते, ही तिच्यामागील जाण रास्त होती. परंतु वर उल्लेखिलेल्या दोन कार्यांचा संघर्ष याच रचनेत शिरला. आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार दिला, म्हणजे त्याचे महत्त्व वाढवले, असे धोरणकर्त्यांना वाटले. वस्तुतः भार देताच ते आकारिक राहिले नाही. मुलाची चूक ही उद्याच्या पाठाची सामग्री असते. ७० टक्क्यांत मोजली की ती प्रगतिपत्रकावरील उणीव होते. मग शिक्षकही ती उणीव लिहिण्यास कचरतो, कारण ती त्याच्याही कामाची उणीव म्हणून वाचली जाते.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या पुस्तिकांतून आणि भ्रमणध्वनींवरून फिरू लागल्या. ‘वाचनाची आवड आहे’, ‘उपक्रमात सहभागी होतो’, ‘गणितात सुधारणा आवश्यक’ अशी वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरली. जी नोंद एका विशिष्ट मुलाचे वर्णन करण्यासाठी होती, ती कोणत्याही मुलाला चालेल अशी झाली. जी नोंद कोणालाही लागू पडते, तिने कोणाचेच मूल्यमापन होत नाही.

याचा दोष एकट्या शिक्षकाला देणे अन्याय्य होईल. अनेक वर्ग एकत्र सांभाळणारा, शालाबाह्य कामांनी गांजलेला शिक्षक प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयातील नोंद स्वतंत्रपणे लिहील, ही अपेक्षा व्यवहार्यतेच्या तत्त्वाला धरून नव्हती. तपासणीला येणारे अधिकारी वही पूर्ण आहे की नाही हे पाहत. त्या नोंदीमुळे कोणता पाठ बदलला, हे सहसा विचारत नसत. ज्याची तपासणी होते, तेच काम होते.

पुढे २०१९ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रात २०२३–२४ पासून या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा सुरू झाली. निरीक्षणाचा प्रयोग साधला नाही, म्हणून परीक्षेकडे परत, असा हा प्रवास आहे. प्रयोग का साधला नाही, याची चिकित्सा मात्र राहून गेली.

५. गुणांची साक्ष : दहावीचे निकाल

अंतर्गत गुण नेमके कशाची साक्ष देतात, याचा एक अनियोजित प्रयोग महाराष्ट्रात २०१९ मध्ये घडला. २०१८–१९ या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातातील २० गुण काढून घेण्यात आले. मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पालक आणि संस्थाचालक यांच्याकडून नाराजी व्यक्त झाली. पुढील वर्षी हे गुण पूर्ववत करण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदललेले होते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द करून त्याचे सरासरी गुण द्यावे लागले. तथापि इतके मान्य करूनही एक गोष्ट उरते. या गुणांविषयीची संपूर्ण सार्वजनिक चर्चा उत्तीर्णतेच्या टक्केवारीभोवती फिरली. तोंडी परीक्षा बंद झाल्यामुळे मुलांचे बोलणे, ऐकणे, वाचणे या कौशल्यांची दखल घेणारे काही उरले नाही, ही खरी शैक्षणिक हानी होती. तिचा उच्चार क्वचितच झाला. वीस गुण गेले म्हणजे आधार गेला, अशीच भावना होती. समाजानेच त्या गुणांना कौशल्याचे माप न मानता आधार मानले होते.

२०२१ मध्ये दहावीची लेखी परीक्षा होऊच शकली नाही. नववीच्या अंतिम निकालावर ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर ३० गुण आणि तोंडी-प्रात्यक्षिकावर २० गुण, असे सूत्र ठरले. म्हणजे संपूर्ण निकाल प्रथमच शिक्षकाच्या हाती आला. मुदलियार आयोगाने जी कल्पना अंशतः मांडली होती, ती परिस्थितीने पूर्णांशाने घडवून आणली. निकाल ९९.९५ टक्के लागला. संकटकाळात मुलांना अडवू नये, ही शिक्षकांची भूमिका मानवतेची होती. तिच्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. या गुणांच्या आधारे अकरावीचे प्रवेश द्यावेत, असा विश्वास शासनाला वाटला नाही आणि ऐच्छिक स्वरूपाची सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर झाली. १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयासमोरचे मुद्दे कायद्याचे आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे होते. मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की जे गुण देण्यास शासनाने शिक्षकाला सांगितले, त्याच गुणांवर प्रवेशाच्या वेळी विसंबण्यास ते तयार नव्हते. वापरायचे, पण विश्वास ठेवायचा नाही, हा आपला अंतर्गत गुणांशी असलेला व्यवहार त्या उन्हाळ्यात स्वच्छ दिसला.

६. महाविद्यालयातील वीस गुण

२०१० मध्ये पहिलीत गेलेली मुले २०२२ मध्ये बारावी होऊन पदवीच्या वर्गात आली. म्हणजे सातत्यपूर्ण मूल्यमापनात वाढलेली पिढी आता आपल्यासमोर आहे. तिला आपण काय दिले? साठ-चाळीस, पंच्याहत्तर-पंचवीस, ऐंशी-वीस अशी प्रमाणे विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलत राहिली. व्यवहार मात्र बदलला नाही.

या व्यवहाराला तत्त्वांची कसोटी लावून पाहू. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे तेच मोजणे. वीस गुणांपैकी काही गुण उपस्थितीला आणि वर्तनाला दिले जातात. उपस्थिती ही शिकण्याची पूर्वअट असेल, पण ती शिकणे नव्हे. गृहपाठाला गुण असतात, पण गृहपाठ एकाने केलेला आणि अनेकांनी उतरवलेला असतो. विश्वसनीयतेची स्थितीही वेगळी नाही. दोन सहकाऱ्यांनी एकच प्रकल्प स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहिले, असा प्रसंग किती महाविद्यालयांत घडतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. व्यवहार्यतेचा हिशेब तर सोपा आहे. तीन वर्गांचे मिळून ३५० विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाच्या लेखनाला केवळ पाच मिनिटे दिली, तरी एका फेरीला एकोणतीस तास लागतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला या तासांचा मोबदलाही मिळत नाही.

आता या सगळ्यांत काय हरवते ते एका उदाहरणाने पाहू. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षात चलनवाढीची व्याख्या विचारली, तर बहुतेक विद्यार्थी ती अचूक लिहितात आणि पाचपैकी चार गुण मिळवतात. त्याच वर्गाला असे विचारून पाहावे : चलनवाढीचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर किमती वाढल्या, घटल्या की स्थिर राहिल्या? व्याख्या अचूक लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण किमती घटल्या असे उत्तर देतात. दर कमी होणे आणि किंमत कमी होणे यांतील भेद त्यांच्या मनात झालेलाच नसतो. शंभर रुपयांची वस्तू पाच टक्के दराने एकशे पाच रुपयांना होते, हे एक वाक्य त्यांना त्या दिवशी हवे असते. चार गुणांनी ते वाक्य अडवले. विद्यार्थ्याला विषय समजला, अशी शिक्षकाचीही समजूत झाली आणि विद्यार्थ्याचीही.

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेच्या प्रक्रियेमुळे अलीकडे अध्ययन निष्पत्ती आणि त्यांच्या पूर्ततेची टक्केवारी यांचे तक्ते महाविद्यालयांत तयार होऊ लागले. हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्या अंतर्गत गुणांत सर्वांनाच सतरा-अठरा असतात, तेच गुण या तक्त्यांत भरले की पूर्तता उच्च दिसणारच. गुण आपणच द्यायचे आणि त्या गुणांवरून आपले अध्यापन यशस्वी झाल्याचे आपणच सिद्ध करायचे, असे हे वर्तुळ आहे. त्यात विद्यार्थी कुठेच नाही.

७. निनावीपणाचा प्रश्न

अंतर्गत मूल्यमापनाच्या समर्थकांनी टाळलेला एक प्रश्न येथे उपस्थित करणे अगत्याचे आहे. बाह्य परीक्षा यांत्रिक असेल, पण ती निनावी असते. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसते. महाराष्ट्रात आडनावावरून जात, आणि जातीवरून अपेक्षा ठरवण्याची सवय किती खोल आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गावकुसाबाहेरून आलेल्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या अनेक पिढ्यांना बैठक क्रमांकाचा हा आडोसा मोलाचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. ज्याला वर्गात कधी बोलू दिले नाही, तो कागदावर बोलू शकला.

अर्थात हा आडोसाही पूर्ण नाही. प्रमाण मराठीत न बसणारी वाक्यरचना, बोलीतील एखादा शब्द परीक्षकाला लेखकाची पार्श्वभूमी सांगून जातो आणि विषय इतिहासाचा असला तरी गुण भाषेचे कापले जातात. तरीही अंतर्गत मूल्यमापनात हा धोका अधिक थेट आहे. जो शिक्षक गुण देतो त्याच्यासमोर विद्यार्थी रोज बसतो. त्याच्याशी मतभेद दर्शवणे, अवघड प्रश्न विचारणे विद्यार्थ्याला महाग पडू शकते. एका अर्थी सर्वांना सारखेच सतरा गुण देणारा शिक्षक या धोक्यातून स्वतःची सुटका करून घेत असतो. कोणावर अन्याय केल्याचा ठपका नको, म्हणून तो कोणाविषयीच काही म्हणत नाही. शांत स्तंभाचे हे एक सहृदय कारण आहे. पण निर्णय टाळणे म्हणजे न्याय करणे नव्हे.

८. काय करता येईल

वरील चिकित्सेवरून अंतर्गत मूल्यमापन रद्द करावे, असा निष्कर्ष निघत नाही. दोन कार्ये वेगळी करावीत, असा निघतो. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागाच्या पातळीवर पुढील गोष्टी शक्य आहेत.

पहिली गोष्ट, निदानासाठी विचारलेल्या प्रश्नाला गुण नसावेत. तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे एकच प्रश्न द्यावा आणि उत्तर नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावे. शंभर चिठ्ठ्या तपासाव्या लागत नाहीत; त्यांचे तीन-चार गठ्ठे करावे लागतात. चलनवाढीच्या प्रश्नाला ‘किमती घटल्या’ म्हणणाऱ्यांचा गठ्ठा मोठा असेल, तर पुढच्या तासाची सुरुवात ठरली. एकोणतीस तासांचे काम अर्ध्या तासावर येते आणि चूक उघड करण्यात विद्यार्थ्याचे काहीही जात नाही.

दुसरी गोष्ट, तपासलेले लेखन विद्यार्थ्याला परत मिळावे आणि शेरा गुणांच्या आधी मिळावा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांना केवळ शेरे मिळाले त्यांची पुढील कामगिरी सुधारली. ज्यांना शेऱ्यांबरोबर गुणही मिळाले त्यांना तसा लाभ झाला नाही. आपला अनुभवही असाच आहे. गुण दिसताच वाचन थांबते. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये घेतलेला संशोधनाचा आढावाही प्रत्याभरणाच्या गुणवत्तेवरच भर देतो.

तिसरी गोष्ट, निकालात धरावयाचे अंतर्गत गुण लेखी परीक्षेला जे मोजता येत नाही त्याच्यासाठीच असावेत. क्षेत्रभेटीचा अहवाल आणि त्यावरील तोंडी प्रश्न, संहितेचे प्रकट वाचन, प्रयोगाची मांडणी ही अशी कामे होत. लेखी परीक्षेचीच लहान आवृत्ती घेऊन सप्रमाणता वाढत नाही. निकष आधी जाहीर करावेत.

चौथी गोष्ट, विभागातील सहकाऱ्यांनी गुणदानापूर्वी आठ-दहा लेखनांचे नमुने नावे झाकून स्वतंत्रपणे तपासावेत आणि फरक का पडला यावर चर्चा करावी. विश्वसनीयता ही परिपत्रकाने येत नाही, अशा बैठकीने येते. आडनावाच्या आणि बोलीच्या प्रश्नालाही याच बैठकीत तोंड फुटू शकते.

पाचवी गोष्ट प्रशासनाची. तपासणी करताना नोंदवही पूर्ण आहे का, याऐवजी या सत्रात विद्यार्थ्यांच्या कोणत्या चुकीमुळे तुम्ही कोणता पाठ बदललात, असे विचारावे. एका प्राध्यापकाकडून एका सत्रात अशी दोन प्रामाणिक उत्तरे मिळाली, तरी ती शंभर पानांच्या तक्त्यांहून मोलाची ठरतील.

९. समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची आणि त्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या व सहाध्यायांच्या मूल्यमापनाचीही कल्पना मांडली आहे. कल्पना उत्तम आहे. २०१० ची कल्पनाही उत्तम होती. नव्या पत्रकातील रकाने वाढले आणि प्रत्येक रकाना निकालात मोजला जाऊ लागला, तर त्यातही तयार वाक्येच भरली जातील. विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले ‘मला हे समजले नाही’ हे वाक्य शिक्षकाला मिळू शकणारी सर्वांत मौल्यवान माहिती आहे. ते लिहिल्याने गुण जाणार असतील, तर ते वाक्य लिहिले जाणार नाही.

मूल्यमापनाची पहिली कसोटी अशी की त्यानंतर कोणीतरी काहीतरी वेगळे करावे. वजाबाकी चुकलेल्या मुलासमोर दुसऱ्या दिवशी मोळ्या सोडवून ठेवल्या गेल्या, तर मूल्यमापन झाले. सतरा गुणांचा आकडा तक्त्यात भरला गेला आणि तास पूर्वीप्रमाणेच पुढे सरकला, तर केवळ गुणदान झाले. आपल्या वर्गातील जो विद्यार्थी आज निर्धास्त आहे, त्याला विद्यापीठाच्या निकालाआधी त्याची चूक कोणी सांगावी, हा प्रश्न आहे. ती सांगण्याइतका तो दुसऱ्या कोणाच्याही जवळ नाही.